मामिताच्या खोलीचं तापमान

"खोलीच्या तापमानाला ठेवायची," एलिएसेर म्हणाला आणि मला हसूच फुटलं.

"कुठल्या खोलीच्या?"

तोही बेटावरचाच, त्यामुळे त्याच्या लगेच लक्षात आलं. दूर दक्षिणेकडच्या चिलोए द्वीपसमूहाच्या या टोकाला, आमच्या बेटावर, हिवाळ्यात प्रत्येक घरात दोन ऋतू नांदतात. स्वयंपाकघरात लोखंडी चूल सकाळपासून धडधडत असते. तिथे माणसं बाह्या वर सारून बसतात आणि वाटीतलं लोणी आपोआप पातळ होतं. मधलं दार उघडून पुढच्या खोलीत पाऊल टाकलं की तोंडातून वाफ. खोलीचं तापमान असं काही आमच्याकडे असलंच तर ते उंबऱ्यावर, आणि तेही कोणीतरी "दार लाव गं" म्हणून ओरडेपर्यंतच.

"ते तू बघ, कोमाद्रे," एलिएसेर म्हणाला. "थंडी लागता कामा नये, चुलीची धग लागता कामा नये. आणि हलवायची नाही. अजिबात नाही. सरळ उभी ठेवायची."

एलिएसेर म्हणजे आमच्या बेटाचा अख्खा दवाखाना. डॉक्टर महिन्यातून एकदा बोटीने येतात, तेही समुद्राच्या मनात असेल तर. एरवी सुई, टाके, बाळंतपणाची धावपळ, म्हाताऱ्यांच्या तक्रारी, सगळं याच्याच गळ्यात. आमच्या लेकीचा तो धर्मपिता, म्हणून मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला हक्काने झापते. त्याने नुकतंच माझ्या नवऱ्याचं, रेमिहिओचं, रक्त काढलं होतं. नळी बोटाएवढी, आत आधीच थोडं औषध घातलेलं. ती भरल्यावर त्याने ती अगदी हळू उलटी केली, सरळ केली, पुन्हा उलटी, पुन्हा सरळ, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी. माझ्या सासूबाई, मामिता क्लोरिंदा, खुर्चीवर बसून डोळ्यांत तेल घालून ते बघत होत्या.

"इथेच का नाही ठेवत?" मी विचारलं. "एवढा मोठा फ्रिज आहे की."

"तो लशींचा. फार थंड. आणि मी संध्याकाळी शेगडी विझवून गेलो की इथे नळातलं पाणी गोठतं. बोट सुरू होईपर्यंत तुझ्याकडेच राहू दे."

बोट कधी सुरू होणार हे कोणालाच माहीत नव्हतं. उत्तरेचा वारा सुटला होता आणि रेडिओवरची बाई रोज त्याच आवाजात सांगत होती की लहान बोटींना बंदर बंद आहे. नळी पलीकडच्या आचाओ बंदराला जायची होती, तिथून बसने पुएर्तो मोंतच्या इस्पितळात, आणि तिथून कुठल्या तरी दूरच्या प्रयोगशाळेत. नळीतलं औषध रक्त काही दिवस धरून ठेवतं, असं एलिएसेर म्हणाला. ठेवलं नीट तर.

आता हे रक्त एवढं कशासाठी, ते सांगते. चार वर्षांपूर्वी रेमिहिओच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि मामितांनी त्याला आपली एक दिली. माझी जुळली नाही, त्याच्या भावाची जुळली नाही, आईची जुळली. त्यानंतर गडी सुधारला, शिंपले काढायला जाऊ लागला, मागच्या लग्नात तर नाचलाही. मग या शरद ऋतूत त्याचे पाय सुजायला लागले. सकाळी बूट चढेना. पुएर्तो मोंतच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा लांब झाला. शरीर किडनीशी भांडायला लागलं असेल, म्हणाल्या, किंवा नसेलही. भांडत असेल तर जबर औषध ताबडतोब द्यायला हवं. नसेल तर तेच औषध त्याला उगाच आडवं पाडेल. हे कळायला ही नवी तपासणी.

बाईंनी आम्हाला छान समजावलं. कुठल्याही अवयवाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे अगदी बारीक तुकडे रक्तात सुटे तरंगत राहतात. रेमिहिओच्या रक्तात त्याचे स्वतःचे तुकडे असतात आणि किडनीतून सुटलेले आईचेही. आईचे ओळखू येतात. ते थोडे असले तर किडनी सुखात आहे. जास्त झाले तर तिला मार बसतोय.

परतीच्या बसमध्ये मला चेव आला. माझी जीभ कधी माझ्या ताब्यात नव्हतीच. "ऐकलंत ना, मामिता?" मी म्हटलं. "आता डॉक्टरच म्हणतात, लग्न झालेल्या मुलात आई जितकी कमी दिसेल तितकं बरं."

रेमिहिओ हसता हसता ठसकला. मीही हसले. मामिता खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या दिवसापासून जेवण झालं की त्या चुलीजवळच्या बाकावर बसेनाशा झाल्या. तो बाक त्यांचा. त्यांच्या नवऱ्याने सायप्रसच्या फळ्यांचा बनवलेला. "तुम्ही बसा दोघं," म्हणायच्या आणि आपल्या खोलीत जायच्या. वय झालं, लवकर पडावंसं वाटत असेल, असं मी धरून चालले.

तर नळी. एलिएसेरने सोबत छोटा थर्मामीटर दिला होता. तो घेऊन मी घरभर फिरले. स्वयंपाकघराच्या फडताळात: उकाडा. जिन्याखाली: गारठा. आमच्या झोपायच्या खोलीत: त्याहून गारठा. रेमिहिओ चुलीपाशी सुजलेले पाय वर घेऊन बसला होता आणि फुकटचे सल्ले देत होता.

"काखेत धर," म्हणाला. "वसंतापर्यंत बसून रहा."

"तुझं रक्त आहे, तूच धर."

शेवटी जागा सापडली ती मामितांच्या खोलीत. त्यांची पलंगाकडची भिंत चुलीच्या पाठीला लागून आहे. फार गरम नाही, फार थंड नाही. हिवाळ्यात पावाचं पीठ आम्ही तिथेच फुगायला ठेवतो. देव्हाऱ्याशेजारी, सान अंतोनिओच्या मूर्तीपाशी, थर्मामीटरचा पारा अगदी शहाण्यासारखा मधोमध थांबला.

"म्हणजे अख्ख्या घरात माझीच खोली नीट," मामिता म्हणाल्या.

"पाव फुगतो तिथे," मी म्हटलं. "आता रक्त राहील. थंड नाही, गरम नाही, आणि हलवायचं नाही. ऐकलंत ना एलिएसेरने काय सांगितलं ते?"

"पोरी," त्या म्हणाल्या, "मला तू रक्ताचं शिकवणार?"

त्यांचं म्हणणं खरंच होतं. आमच्याकडे सान हुआनच्या सणाच्या सुमाराला, ऐन हिवाळ्यात, घरोघरी डुक्कर कापतात. सगळा शेजार जमतो, चरबी कढते, आणि संध्याकाळी प्रत्येक घरी मांसाची आणि मिल्काओची, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकरीची, ताटं पोचती होतात. पण त्या सगळ्यातलं पहिलं आणि नाजूक काम म्हणजे रक्त धरणं. गळ्याखाली परात धरायची आणि हाताने सारखं ढवळत राहायचं. क्षणभर हात थांबला तर रक्त गोठतं, फाटतं, आणि मग त्याची सॉसेजं होत नाहीत. हे काम आमच्या बेटावर एकच हात करतो. माझ्या लग्नाच्याही आधीपासून जिथे जिथे डुक्कर कापलं जातं तिथून मामितांना बोलावणं येतं. काठोकाठ भरलेली परात घेऊन त्या चिखलातून अंगण ओलांडून स्वयंपाकघरात येतात आणि एक थेंब सांडत नाही. बायका म्हणतात, क्लोरिंदाच्या हातात रक्त जिवंत राहतं.

त्यामुळे मी नळी त्यांच्या स्वाधीन केली.

वारा काही थांबेना. छपरावरचे पत्रे रडत होते आणि रेडिओवरची बाई तेच ते सांगत होती. रेमिहिओचे पाय घोट्याच्या वर सुजले. तो विनोद करत होता, पण जेवताना चमचा मध्येच खाली ठेवायचा. मी हात धुता धुता खिडकीतून समुद्राकडे बघायची, पुन्हा पाच मिनिटांनी बघायची, जसा काही माझ्या बघण्याने तो शांत होणार होता. जीव नुसता टांगणीला लागला होता.

मामिता घटकेघटकेला आपल्या खोलीत जात होत्या. "काय, पहारा देताय?" मी विचारलं.

"जपमाळ ओढते," त्या म्हणाल्या.

एकदा पीठ मळता मळता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रक्त फार दिवस नुसतं ठेवलं की काय होतं गं?"

"आत औषध आहे ना. काही होत नाही."

"हं," त्या म्हणाल्या आणि पिठाला असे काही धपाटे घालू लागल्या की मेज हललं.

मग एका सकाळी वारा पडला. रेडिओवर बाई म्हणाली, बंदर दुपारपर्यंत उघडं. सगळं बेट धक्क्यावर लोटलं. कोणाच्या बटाट्याच्या गोण्या, कोणाची वाळवलेली शिंपली, कोणाला दात काढायचा होता. नावाडी बाउतिस्ताने बोटीचं इंजिन सुरू करून ठेवलं होतं आणि तो सगळ्यांवर तोंड टाकत होता. मी नळी लोकरीत गुंडाळून डब्यात घेतली होती. बघून घेतली होती मी. लालभडक, एकसारखी, छान दिसत होती. रेमिहिओ मला सोडायला आला होता, बुटांची नाडी न बांधता. मामिताही आल्या होत्या. एलिएसेर कागदावर सही करायला आला होता.

"एलिएसेर," मामिता म्हणाल्या, "समज, ती नळी हलली असती तर काय झालं असतं?"

"वाया गेली असती, दोन्या क्लोरिंदा," तो अदबीने म्हणाला.

"वाया म्हणजे? वास येतो?"

एलिएसेर हसला. "वास येत नाही, रंगही फारसा बदलत नाही. तेच तर. हलवलं की रेमिहिओच्या स्वतःच्या पेशी फुटतात, आणि त्यांच्यातले तुकडे बदाबदा रक्तात येतात. समजा, रश्श्यात तुम्ही मीठ किती टाकलंय ते मला चाखून सांगायचंय, आणि मागून कोणी त्यात बादलीभर पाणी ओतलं. मला काय चव लागणार? तसं त्याच्या तुकड्यांच्या पुरात आईचे तुकडे दिसेनासे होतात. आकडा कमी येतो."

"कमी आला तर चांगलंच ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या."

"खरोखर कमी असेल तर चांगलं. हे खोटं कमी. डॉक्टर म्हणतील, सगळं ठीक आहे, जा घरी. आणि आत किडनीला मार बसतच राहील. कळेल तेव्हा उशीर झालेला असेल."

बाउतिस्ता ओरडला, "मिरेया, येतेस की दोर सोडू?"

मी फळीवर एक पाय ठेवला. मामिता जागच्या हलल्या नाहीत. शालीची टोकं त्यांनी मुठीत धरली होती. त्यांच्या मनात काय चाललंय हे मला तेव्हा कळलं नाही, पण आज कळतं: नळी जाऊ दिली असती तर कोणाला म्हणून पत्ता लागला नसता. कागदावर त्यांना हवा होता तसाच लहानसा आकडा आला असता. आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या निम्म्या बायका त्यांना परातीसाठी बोलावणाऱ्या होत्या.

"थांब, पोरी," त्या म्हणाल्या. "ती पाठवू नकोस."

"का?"

"मी हलवली."

इंजिनाच्या आवाजात मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधी हलवली?"

"रोज. येता-जाता. आज सकाळीही." त्यांचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मुद्दाम. "पहिल्याच दिवशी बघितलं तर रक्त खाली बसलेलं. वर पिवळं पाणी, खाली लाल. मला वाटलं, फाटलं. एलिएसेरने पण उलटसुलट केली होती, मी बघितलं होतं. म्हटलं, हे हलवू नका म्हणून सांगतात ते पोरासोरांच्या हातांसाठी. मग मी जोरात हलवून सारखी केली. पुन्हा बसलं, पुन्हा केली. आजवर कुणाच्या डुकराचं रक्त माझ्या हातात फाटलं नाही. माझ्याच पोराचं फाटू देऊ?"

बाउतिस्ताने सुद्धा तोंड बंद केलं, आणि तसं फक्त प्रेतयात्रेला होतं.

माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं ते इथे लिहीत नाही. इतक्या दिवसांची भीती एकदम डोक्यात चढली होती. मी डबा हातात घट्ट धरला आणि त्यांच्याकडे वळले, आणि तेवढ्यात मला रेमिहिओ दिसला. तो कोटाची बाही वर सारत होता.

"एलिएसेर," तो म्हणाला, "दुसरी नळी आहे ना रे?"

होती. इस्पितळाने एक जास्तीची पाठवली होती. एलिएसेर दवाखान्याकडे पळत सुटला.

"अरे, वारा काय माझा मेहुणा आहे थांबायला?" बाउतिस्ता म्हणाला.

"तुझी बायको बाळंत झाली तेव्हा कोण थांबलं होतं रे?" मामिता त्याच्यावर खेकसल्या. अपराध कबूल केला म्हणून त्यांच्या जिभेची धार गेली नव्हती. बाउतिस्ता पुटपुटत टोपी मागे सारून बसला.

धक्क्यावरच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या ढिगावर रेमिहिओला बसवून रक्त काढलं. पहिली शीर दगा देऊन गेली. दुसरीत सुई टोचताना मामितांनी त्याचा दुसरा हात धरला होता आणि तो हात त्या आपल्या अंगठ्याने चोळत होत्या. नळी हळूहळू भरली. एलिएसेरने ती तशीच हलकेच उलटी-सरळ केली आणि थांबला.

"एवढंच?" मामिता म्हणाल्या.

"एवढंच."

"आणि पिवळं वर आलं तर?"

"येऊ द्या. यायलाच हवं. त्या पिवळ्यातच तर ते तुकडे असतात. तेवढंच त्यांना हवंय."

मामिता कडाडल्या. "हे आधी सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का रे, मेल्या?"

एलिएसेर बिचारा लाल झाला. "खरंय, दोन्या. सांगायला हवं होतं," म्हणाला.

मी डबा घ्यायला हात पुढे केला. माझे हात थरथरत होते. रागाने, थंडीने, कशाने ते मला सांगता येत नाही. बाहेर वारा पडला असला तरी समुद्राची खळबळ शमली नव्हती, आणि बाउतिस्ताची बोट म्हणजे लाटेला लाथ मारत जाणारं खेचर. मी मामितांच्या हातांकडे बघितलं. ते स्थिर होते.

"तुम्ही चला," मी म्हटलं.

"मी?"

"तुम्हीच. काठोकाठ परात घेऊन चिखलातून येता ना? हे त्याहून हलकं आहे."

त्यांनी डबा घेतला. इकडेतिकडे कोणाकडे न बघता त्या फळीवरून बोटीत चढल्या आणि बरोबर मधोमध, जिथे बोट सगळ्यात कमी उसळते तिथे, बसल्या. नळी लोकरीसकट बाहेर काढून त्यांनी दोन तळव्यांत उभी धरली. आता त्यांना दुसरं काही धरायला हात नव्हता. पहिली लाट आली तशी त्या डावीकडे कलंडल्या, आणि मी त्यांच्या मागे बसून दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेला विळखा घातला. इतक्या वर्षांच्या संसारात सासूला मी पहिल्यांदाच मिठी मारली होती, आणि तीही बोट हलते म्हणून.

किती बारीक झाल्या होत्या त्या. शालीच्या आत हाडंच हाताला लागत होती. एका बाजूला, जिथून किडनी काढली तिथे, त्या किंचित आकसून बसल्या होत्या. ती बाजू मी माझ्या हाताने झाकली.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "रागावलीस?"

"हो."

"बरं केलंस." मग वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, "तू बसमध्ये म्हणालीस ना, आई जितकी कमी दिसेल तितकं बरं. मी रोज सान अंतोनिओला तेच सांगायचे. म्हणायचे, त्याच्या रक्तात मला कमी कर. घरात पण मी कमी झाले. आणि शेवटी मीच ती नळी हलवून खोटी कमी होणार होते."

मला रडू आलं. वारा तोंडावर होता म्हणून कोणाला कळलं नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण माझं कपाळ त्यांच्या पाठीला टेकलेलं होतं. मी नुसता विळखा घट्ट केला आणि आचाओ येईपर्यंत सैल केला नाही.

नळी पोचली. प्रयोगशाळेने कळवलं की रक्त उत्तम स्थितीत आहे, आणि हे मी मामितांना दोनदा वाचून दाखवलं. मग आकडा आला. तो लहान नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी रेमिहिओला बोलावून घेतलं आणि जबर औषध शिरेतून सुरू केलं. तो पार मलूल झाला, त्याचे गाल सुजले, चिडचिडा झाला, आणि मग हळूहळू पायांची सूज उतरली. किडनी वाचली. बाई म्हणाल्या, वेळेवर कळलं. आकडा खोटा आला असता तर काय झालं असतं हे मी त्यांना विचारलं नाही. मामितांनीही विचारलं नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचंही टाळत होतो.

वसंतात पुन्हा तपासणी. पुन्हा नळी मामितांच्या खोलीत, सान अंतोनिओपाशी. या वेळी त्या तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"बघ गं, बघ. आलं पिवळं," त्या कौतुकाने म्हणाल्या. "छान आलंय की नाही?"

"छान आलंय," मी म्हटलं.

फोन आला तेव्हा मी चुलीवर मांस-बटाट्याच्या रश्श्याची कासुएला चढवली होती. रेमिहिओ बाहेर लाकडं फोडत होता. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलं, त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं, मग फोन ठेवला. मामिता दारात उभ्या होत्या.

"किती सापडले मी?" त्यांनी विचारलं.

"नावापुरत्या," मी म्हटलं. "जवळजवळ नाहीच."

त्यांनी छातीवर क्रूस केला. चेहरा उजळला त्यांचा, आणि डोळेही भरले. मग शाल सावरत म्हणाल्या, "बरं झालं. त्याला बोलाव, सांग. तुम्ही बसा दोघं," आणि नेहमीसारख्या आपल्या खोलीकडे वळल्या.

मी त्यांचा दंड धरला. बाकावरची माझी लोकरीची टोपली उचलून खाली ठेवली.

"मामिता, त्याच्या रक्तात नका दिसू," मी म्हटलं. "पण इथे दिसा. इथे मला तुम्ही दिसायला हव्यात."

त्या उभ्याच राहिल्या. मग बाकावर बसल्या, जरा कडेला, पाहुण्यासारख्या. मग नीट मागे टेकून. चुलीवर कासुएला उकळत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, नाक वर करून वास घेतला.

"मीठ टाकलंस का?"

"टाकलंय."

"हं," त्या म्हणाल्या, उठल्या, न विचारता माझ्या हातातून डाव घेतला आणि ढवळायला लागल्या. मी ढवळू दिलं.